शिध्यात नसलेली भाजी

मॉरिशसमध्ये तांदूळ जवळजवळ पिकत नाही. गहू पिकत नाही, तूर-हरभराही नाही. तरी या बेटावरच्या साध्या घरात रोज भात शिजतो, डाळ किंवा घेवडा शिजतो, रस्त्याच्या कडेला दालपुरी विकली जाते आणि सकाळी ताजा पाव घरोघरी लागतो. आपल्याकडे एखाद्या प्रांताचं जेवण समजून घ्यायचं तर आपण आधी जमिनीकडे पाहतो. कोकणात भात, मासे आणि नारळ, कारण तिथे तेच आहे. सोलापूरकडे ज्वारीची भाकरी, कारण काळी जमीन आणि बेताचा पाऊस. मॉरिशसला हीच रीत लावली तर काही उलगडत नाही. तिथल्या जमिनीत जवळजवळ दोनशे वर्षं मुख्यतः ऊस उभा आहे, आणि नुसत्या उसावर ताट भरत नाही. मग हे ताट घडवलं कोणी?

माझं उत्तर असं आहे की ते शिध्याने घडवलं, आणि त्याला चव आणली ती शिध्यात जे नव्हतं त्याने. हे म्हणणं एका वाक्यात संपत असलं तरी ते पटायला थोडं मागे जावं लागतं.

मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात हे लहानसं बेट आहे. तिथे मूळचे रहिवासी कोणीच नव्हते. डच लोक १५९८ मध्ये उतरले. १६३९ मध्ये त्यांनी जावाहून ऊस आणून लावला आणि १७१० मध्ये ते बेट सोडून निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम आणले. गुलामांना स्वस्तात पोसायचं होतं. १७३५ मध्ये आलेला गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याने त्यासाठी ब्राझीलचा कसावा आणवला. आपल्याकडे साबुदाणा होतो तोच हा कंद. वादळात टिकतो, जमिनीत राहतो, फारशी निगा मागत नाही. म्हणजे या बेटावर बहुसंख्यांनी रोज काय खायचं हे पहिल्यांदा ठरलं तेव्हा ते खाणाऱ्यांनी ठरवलं नव्हतं, त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्याने ठरवलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे शंभर वर्षांनी तेच पुन्हा घडलं.

१८१० मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेलं. १८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरचा जास्तीचा कर काढून टाकला आणि बेटावर ऊसच ऊस झाला. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. सुटलेल्या लोकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली, आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला आधीच सुरुवात केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून निघालेले ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं या बेटावर आली. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले भोजपुरी बोलणारे सगळ्यांत जास्त, मद्रासकडून तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडी या बाजूंचे आपले लोक. ज्या पायऱ्या चढून यातली बरीचशी माणसं बेटावर आली तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

करार पाच वर्षांचा. महिन्याला पाच रुपये मजुरी. एक दिवस कामाला गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आणि मजुरीसोबत शिधा: तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तेल, थोडी चिंच.

ही यादी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नजरेने वाचून पाहा. मळ्यात राबायला बळ देईल असं तिच्यात सगळं आहे. पोट भरेल. वरण-भात होईल, चिंचेमुळे त्याला थोडा आंबटपणा येईल. पण तिच्यात ताजं काही नाही. पाला नाही, फळ नाही, दूध नाही. याचं कारण सरळ आहे. शिधा जहाजातून येतो आणि गोदामात राहतो, म्हणून पोत्यात आणि पिंपात जे टिकतं तेवढंच शिधा होऊ शकतं. मेथीची जुडी किंवा माठाची पेंढी पोत्यात भरून समुद्र ओलांडत नाही. बेटावर भाजी लावायची तर उसाची जमीन द्यावी लागली असती, आणि मळेवाला ती देणार नव्हता. त्यामुळे ताज्या अन्नाची जबाबदारी करारात कोणी घेतलीच नाही. ती मजुरावर पडली, खरं तर मजुराच्या बायकोवर. मॉरिशसचं रोजचं जेवण याच फटीतून उगवलं.

आधी डाळ पाहू. मॉरिशसचा माणूस परदेशात असला की ज्याची आठवण काढतो तो पदार्थ म्हणजे दालपुरी. नाव पुरी असलं तरी ती तळत नाहीत, तव्यावर तेल लावून भाजतात, आणि ती फुलक्याहून मऊ आणि पातळ असते. बिहारात दालपुरी सणावाराची. तिथे ती हरभऱ्याच्या डाळीची होते. मॉरिशसमध्ये हरभरा डाळीच्या जागी सुक्या पिवळ्या वाटाण्याची डाळ आली, कणकेच्या जागी मैदा आला, आणि सणाचा पदार्थ रोजचा झाला. डाळ हळद घालून शिजवतात, पण गाळ होऊ देत नाहीत. दाणा बोटांनी दाबला तर तुटावा, इतपतच. मग ती निथळून कोरडी वाटतात आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतात. पुरणपोळी करणाऱ्या कोणाच्याही हाताला हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की पुरण ओलसर असतं आणि हे सारण पिठासारखं भुरभुरीत. डाळ शिजवलेल्या पाण्याची आपण कटाची आमटी करतो. तिथे त्याच पाण्यात मैदा भिजवतात. दोन्ही स्वयंपाकघरांत त्या पाण्याचा थेंब वाया जात नाही, आणि ही काटकसर दोन्हीकडे एकाच गरजेतून आली.

दालपुरी जोडीने विकतात. दोन पुऱ्यांवर डबल बीचा रस्सा, टोमॅटोचा दाट रुगाय, मिरचीची चटणी, आणि कागदात गुंडाळी. आता या गुंडाळीत काय काय आहे? बिहारची रीत, बाहेरून आलेला वाटाणा आणि मैदा, मूळची दक्षिण अमेरिकेची डबल बी आणि टोमॅटो, रुगायमध्ये फ्रेंच स्वयंपाकातला थाइमचा पाला, आणि वर तमिळ घरांतून आलेली कोथिंबीर-कढीपत्त्याची सवय. मॉरिशसच्या पर्यटन पत्रकांत याला संस्कृतींचा संगम म्हणतात. ते खोटं नाही, पण त्याने पदार्थ समजत नाही. या गोष्टी एकत्र आल्या कारण प्रत्येक गोष्ट जवळ होती, स्वस्त होती, आणि एका हाताने धरून उभ्याने खाता येत होती. चवीचा मेळ नंतर बसला आणि फार सुंदर बसला.

याच वाटाण्याच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीचे छोटे तिखट वडे म्हणजे गातो पिमां. डाळ भिजवून भरड वाटायची, त्यात कांद्याची पात, कोथिंबीर, हिरवी मिरची घालून तळायचे. सकाळी लोणी लावलेल्या पावात हे वडे घालून खातात. आपल्या वडापावाशी त्याचं नातं नाही, पण कष्टकरी माणसाच्या सकाळची सोय दोन्हीकडे जवळजवळ सारखीच झाली आहे.

दालपुरीला देशाचं पक्वान्न म्हणतात. माझ्या मते तो मान दुसऱ्या एका पदार्थाचा आहे, आणि त्याच्याबद्दल फार कोणी अभिमानाने बोलत नाही. तो म्हणजे बुयों ब्रेद, पाल्याचा पातळ रस्सा.

कृती सांगायला दोन ओळी पुरतात. तेलात कांदा, ठेचलेला लसूण, थोडं आलं परतायचं. धुतलेला पाला टाकायचा. तो बसला की पाणी आणि मीठ, आणि एक-दोन उकळ्या. पाला हिरवा आहे तोवर उतरवायचं. हे पाणी पाल्यासकट भातावर घ्यायचं. सोबत रुगाय किंवा चटणी, जमलं तर खारवलेल्या माशाचा तुकडा. डाळीचं पीठ लावायचं नाही, दाण्याचं कूट नाही, गूळ नाही. आपल्या पातळ भाजीहून ती कितीतरी साधी आहे.

पाला कोणता? शेवग्याचा, माठाचा, अळूचा, तांबड्या भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे, चाऊ-चाऊच्या वेलाचे शेंडे. ही नावं पुन्हा एकदा वाचा. यातल्या एकालाही शेत लागत नाही. शेवगा कुंपणाला फांदी खोचली तरी धरतो. अळू सांडपाण्याच्या चरात वाढतो. भोपळा झोपडीच्या छपरावर चढतो. माठ मागच्या अंगणातल्या हातभर जागेत पुन्हा पुन्हा खुडता येतो. मळ्याच्या मालकीच्या जमिनीवर, मालकाच्या हिशेबात न येणाऱ्या कोपऱ्यांत, वस्तीतल्या बायकांनी स्वतःची भाजी उभी केली. तिची नोंद कोणत्याही करारात नाही.

आणि ती फक्त हिंदुस्थानी बायकांची नव्हे. मादागास्करमध्ये आजही रोजचं साधं जेवण म्हणजे भात आणि पाल्याचा पातळ रस्सा. तिथून गुलाम म्हणून आणलेल्यांना पाला खुडून उकळायला कोणी शिकवायची गरज नव्हती. हिंदुस्थानातून मजूर येण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं या बेटावर होती. त्यांनी बेटावरचा कोणता पाला खाण्याजोगा हे ओळखलं असणार, आणि नंतर आलेल्यांना शेवगा आणि माठ ओळखीचे निघाले. म्हणून बुयों ब्रेदवर एका समाजाचा हक्क सांगता येत नाही. गुलामांच्या वंशातले क्रियोल, भोजपुरी, तमिळ, मराठी, चिनी, मुसलमान, सगळ्यांच्या घरात ती होते, आणि दालपुरीसारखी ती कोणाच्या नावाने ओळखली जात नाही. नुसता पांढरा भात आणि डाळ यांतून जे पुरेसं मिळत नाही ते लोह, अ जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व हा पाला देत होता. शिध्याने मजुराला उभं ठेवलं असेल, पण त्याची पोरं वाढली ती या पाण्यावर. हे माझं मत आहे आणि ते मी ठामपणे मांडतो.

खारवलेल्या माशाचं थोडं सांगायला हवं. बेटाच्या चहूबाजूंनी समुद्र, प्रवाळाच्या आत शांत पाणी, मासे भरपूर. आणि तरी रोजच्या रुगायमध्ये पडतो तो मीठ लावून सुकवलेला मासा, त्यातला बराचसा दक्षिण आफ्रिकेच्या केपकडून आलेला स्नूक. ऊसमळे बेटाच्या आतल्या भागात होते, बर्फ नव्हता, आणि उष्ण दमट हवेत ताजा मासा संध्याकाळपर्यंत राहत नाही. पुन्हा तेच: जे पिंपात टिकतं ते गरिबाच्या ताटात पोचतं. पण या खारट, कडक माशावर टोमॅटो, थाइम आणि हिरवी मिरची पडली की त्याचा जो रुगाय होतो, त्यासाठी आज ताजा मासा परवडणारेही खारवलेला विकत घेतात. पावसात सुका बांगडा भाजणाऱ्या कोकणी घराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

टिकवण्याच्या याच गरजेतून विंदाय आली. माशाचे किंवा ऑक्टोपसचे तुकडे तळून, मोहरी, हळद, लसूण, छोटे कांदे आणि व्हिनेगर यांत मुरवतात. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. गोव्याच्या विंदालूची ही बहीण, दोघींचं मूळ पोर्तुगीजांच्या लसूण-व्हिनेगरात मुरवलेल्या मांसात. गोव्यात ती लाल मिरचीने लाल झाली, मॉरिशसमध्ये मोहरी-हळदीने पिवळी.

शिध्याचा काळ मागे पडू लागला तेव्हा त्याची जागा वस्तीतल्या चिनी दुकानाने घेतली. तांदूळ, डाळ, तेल, सुका मासा, काड्यापेटी, सगळं उधारीवर. दुकानदार वहीत मांडून ठेवायचा आणि मजुरी झाली की हिशेब व्हायचा. ही वही नसती तर ऊसतोडणी नसलेले महिने अनेक घरांना काढता आले नसते. तळलेल्या नूडल्स आज सगळ्या समाजांचं संध्याकाळचं खाणं झाल्या आहेत, त्यामागे ही रोजची ओळख आहे.

पेयांकडे वळलं तरी सूत्र तेच दिसतं, फक्त इथे थोडी चैन आहे. शिध्यातली चिंच आज बर्फ घातलेलं चिंचेचं सरबत होऊन बाजारात मिळते. पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात आलुदा मिळतं: दूध, भिजवलेला सब्जा, आगर-आगरचे तुकडे, बदामाचा किंवा व्हॅनिलाचा पाक. आपल्या फालुद्याचंच हे बेटावरचं रूप, शेवयांशिवाय. दुपारच्या उन्हात हे उभ्याने प्यायचं असतं. चहा मात्र बेटावर पिकतो. बुआ शेरीचा मळा १८९२ पासून आहे, आणि तिथला व्हॅनिलाचा वास असलेला चहा दूध-साखर घालून घरोघरी पितात. उसाचा रसही आहे, फांगुरें म्हणतात. ज्या उसाने बेट व्यापलं त्यातला जवळजवळ सगळा जहाजावर चढायचा. त्याची साखर मुंबईतही यायची आणि ‘मोरस साखर’ म्हणून विकली जायची. कोकणातून गेलेल्यांनी तोडलेल्या उसाची साखर कोकणातल्या सणांना वापरली गेली असेल. ती शक्यता मला फार अस्वस्थ करते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मळेवाल्यांनी कडेच्या, कमी कसाच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. साठवलेल्या पैशातून मजुरांनी त्या घेतल्या. कोणी ऊसच लावला, पण अनेकांनी भाजी लावली. उसाच्या दोन ओळींमध्ये बटाटा लावायची पद्धतही आली. बेटावरची बरीचशी ताजी भाजी पुढे या छोट्या शेतकऱ्यांकडून येऊ लागली. करारात ज्याला जागा नव्हती ते पिकवूनच करारातून बाहेर पडलेल्यांचा संसार चालला.

पण तांदूळ बाहेरूनच येत राहिला. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि मॉरिशसला येणारा तांदूळ तुटला. सरकारने ऊसमळ्यांना काही जमिनीवर मका, कसावा, रताळी लावायला भाग पाडलं. भात खाणाऱ्या लोकांना मक्याचं आणि कसाव्याचं पीठ गिळवत नव्हतं. ब्रह्मदेश लांब होता, युद्धही लांब होतं, आणि भांडं मॉरिशसमधल्या चुलीवर रिकामं होतं. मार्च २०२० मध्ये साथीच्या टाळेबंदीत सुपरमार्केटं आणि बेकऱ्याही काही दिवस पूर्ण बंद झाल्या आणि नंतर आडनावाच्या अक्षराप्रमाणे वार ठरवून उघडल्या. त्या दिवसांत लोकांनी पुन्हा अंगणात पाला लावला. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा ऑगस्टमध्ये मॉरिशससाठी १४,००० टनांची वेगळी परवानगी काढावी लागली. सरकार आजही ठरावीक दराने स्वस्त तांदूळ विकतं, आणि लोक त्याला रेशनचा तांदूळच म्हणतात. शिधा देणारा बदलला, पण शिधा संपलेला नाही.

म्हणून मला वाटतं, मॉरिशसच्या जेवणाचं कौतुक करताना दालपुरीपाशी थांबू नये. पर्यटकाला हॉटेलात बुयों ब्रेद सहसा कोणी वाढणार नाही. ती मागून घ्यावी लागेल, किंवा कोणाच्या घरी जावं लागेल.

आपला त्यात एक वेगळा वाटा आहे. मॉरिशसमधले मराठी घरी बहुतेक क्रियोल भाषा बोलतात, पण मराठी तिथे शाळेत शिकवली जाते, महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे, गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी असते आणि मोदक होतात. सणाचे पदार्थ अशा रीतीने टिकतात, कारण त्यांना तिथी असते. रोजच्या जेवणाला तिथी नसते. कोकणातून गेलेल्या बायकांनी तिथल्या अळूत आंबट काय घातलं, कुळथाची पिठी कशाने भागवली, कोणता पाला ओळखीचा म्हणून घेतला आणि कोणता मादागास्करकडच्या शेजारणीकडून शिकल्या, हे सणाच्या पुस्तकांत सापडणार नाही. ‘ॲटलस’ला २०३४ मध्ये दोनशे वर्षं होतील. त्या वर्षी भाषणं होतील, ग्रंथ निघतील. त्याआधी, ज्यांची मॉरिशसमधल्या मराठी घरांशी ओळख आहे, तिथे शिकवायला, शिकायला किंवा कामाला जाणं आहे, त्यांनी एवढं करावं: घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसावं, तिची आई पाला कुठून खुडून आणायची आणि त्यात काय घालायची हे विचारावं, आणि ती सांगेल तसं लिहून काढावं.